ढाल खाली कुणी ठेवायची

आम्ही चार मास्तर एका घरात राहायचो आणि एकमेकांना विषयाच्या नावानं हाक मारायचो. गणित, इतिहास, पीटी आणि मी, विज्ञान. शाळेत सगळे एकमेकांना ‘सर’. घरात आलो की गणित, इतिहास, पीटी. वालूरच्या पुढं, जिथून एसटी वळून परत फिरायची, त्या गावात आमची शाळा होती. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथं राहतात.

घर पीटीच्या चुलत्याचं, माळवदाचं. चुलते गावात वजनदार. पुतण्याला शाळेत नोकरी लागली म्हणून त्यांनी रिकामं घर उघडून दिलं आणि पुतण्याच्या मागोमाग आम्ही तिघं त्यात शिरलो. इतिहास बौद्ध आहे हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. ते काही बोलले नाहीत. फक्त त्यांच्या आडावरून आम्हाला पाणी यायचं ते बंद झालं. मग आम्ही चौघंही शाळेच्या हापशावरून पाणी आणायला लागलो. पीटी दोन्ही खांद्यांवर दोन घागरी घेऊन यायचा आणि म्हणायचा, ‘‘व्यायाम हाय हा. पगार मिळायलाय व्यायामाचा.’’ इतिहास हसायचा. मलाही तेव्हा हसू यायचं.

गणिताचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर कामाला होता. एका सुट्टीत त्यानं कुठल्याशा बंदरातून एक पुठ्ठ्याचा डबा आणून गणिताला दिला. आत इंग्रजीतलं पातळ पुस्तक आणि फासे. सहा बाजूंचे फासे आम्हाला ठाऊक होते. ह्यात आठ बाजूंचे, बारा बाजूंचे, आणि वीस बाजूंचा तर जवळजवळ चेंडूच होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. पुस्तक म्हणत होतं की एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोण काय करू शकतो हे ज्यानं त्यानं आपापल्या कागदावर लिहायचं, आणि जिथं जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. गणितानं रविवारी दुपारी शब्दकोश घेऊन ते पुस्तक लावलं आणि तो आमचा सूत्रधार झाला.

प्रत्येक पात्राला एक खास गोष्ट करता यायची. गणित त्याला ‘वर’ म्हणायला लागला. इतिहासानं लगेच हरकत घेतली.

‘‘वर देणारा कोण? तो आधी दाखव. मी घेणार न्हाई कुणाकडून वर. ‘कसब’ म्हण. कसब माणूस स्वतः कमावतो.’’

तेव्हापासून कसब.

इतिहास हा माणूसच तसा होता. पेडगावच्या बाजूच्या एका खेड्यातला, अंगानं किडकिडीत, चहात चिमूटभर मीठ टाकून पिणारा. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव जाळपोळ झाली तेव्हा तो शाळकरी होता. त्याबद्दल त्यानं आम्हाला एकदाच सांगितलं, तेही एका वाक्यात: ‘‘आमच्या घराची पत्रं गेली, आन् बापानं पुन्हा घातली.’’ बाकी दिवसभर तो किल्ले, तह आणि वेढे यांतच असायचा. तहाची कलमं वाचायची त्याला सवय, म्हणून तो कसबांचे शब्दही तसेच वाचायचा. एकदा, माझं पात्र चोराचं होतं तेव्हा, मी अदृश्य होऊन एका वाड्यात शिरलो आणि गणितानं तिथल्या राखणीच्या कुत्र्याला माझा माग लागला असं सांगितलं. मी भांडलो. इतिहास म्हणाला, ‘‘तुझ्या कागदावर काय लिहिलंय? ‘दिसत नाही.’ वास येत नाही असं कुठं लिहिलंय? जेवढं लिहिलं तेवढंच.’’ माझ्याच बाजूचा गडी, माझ्याविरुद्ध निकाल देऊन मोकळा.

मोठा पेच पडला तो एका हिवाळ्यात. पीटीचं पात्र होतं तलवारबाज. त्याचं कसब असं: तलवार उपसली की घाव दुप्पट बसायचा, पण अंगात वेड संचारायचं. मग जो सगळ्यांत जवळ असेल त्याच्यावर वार करायचाच, शत्रू असो की सोबती, आणि जवळ कुणी उभं उरलं नाही की मगच थांबायचं. इतिहास होता ढालकरी. तो ज्याला पाठीशी घेईल त्याला घाव लागायचा नाही. तो घाव ढालकऱ्याला लागायचा. मी वैदू. मी ज्याला हात लावून ठेवेन तो त्या लढाईत मरायचा नाही.

एका बुरुजावर आम्ही शत्रू संपवले. तलवारबाजानं एकट्यानं निम्मे मारले. पण तलवार म्यान होईना, कारण जवळ आम्ही दोघं अजून उभे होतो. खाली जायला एकच जिना आणि जिन्याच्या तोंडाशी तोच. सगळ्यांत जवळ मी. त्यानं माझ्यावर वार केला. इतिहासानं मला पाठीशी घेतलं, घाव त्याला लागला. मी मागून त्याच्या पाठीला हात लावला, म्हणून तो मेला नाही. पुढची पाळी. पुन्हा वार, पुन्हा ढाल, पुन्हा हात.

आधी आम्ही हसलो. मग गणितानं फासे खाली ठेवले आणि पुस्तक उघडलं.

‘‘एकाच्या कागदावर ‘मारलंच पाहिजे’ हाय,’’ तो म्हणाला. ‘‘दुसऱ्याच्या कागदावर ‘लागणार नाही’, तिसऱ्याच्या कागदावर ‘मरणार नाही’. पुस्तक म्हणतं, ‘पाहिजे’ आणि ‘नाही’ भिडले तर ‘नाही’ मोठं. म्हणजे वैदूला घाव लागत न्हाई आणि ढालकरी मरत न्हाई, इथवर ठीक. पण मारणं थांबतंय असं कुठंच न्हाई.’’

‘‘म्हंजे किती वेळ चालंल हे?’’ पीटीनं विचारलं.

‘‘चालतच राहील.’’

‘‘मग इतिहासा, तू ढाल खाली ठेव की! विज्ञान पडंल, तू पडशील, माझी तलवार म्यानात. खेळ सुटला.’’

‘‘ठेवावी लागते असं लिहिलंय का माझ्या कागदावर?’’

‘‘लिहिलं न्हाई, पर —’’

‘‘मग न्हाई ठेवत.’’

पीटी चिडला. त्याला पेच आवडायचे नाहीत. मैदानावर मुलं भांडली की दोघांच्या पाठीत एकेक धपाटा घालून तो शिट्टी वाजवायचा आणि खेळ चालू करायचा. चांगला माणूस होता. बाप लहानपणीच वारला, चुलत्यानं त्याला वाढवलं, शिकवलं, आणि तोही कधी चुलत्याला उलटून शब्द बोलला नव्हता. त्या दुपारी मात्र तो चटईवरून उठून गेला. गणितानं सांगितलं की निकाल पुढच्या रविवारी देतो, पुस्तक नीट वाचावं लागेल.

पुढचा रविवार तसा आलाच नाही. संक्रांतीच्या सुमाराला विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. इतकी वर्षं मोर्चे, लाठ्या, तुरुंग झाले होते. बौद्धवाड्यात पेढे वाटले, निळा झेंडा लावला, आणि पोरांनी पत्र्यावर विद्यापीठाचं नवं नाव रंगवून वस्तीच्या तोंडाशी पाटी लावली. इतिहासानं आम्हालाही पेढे आणले. पीटीनं दोन खाल्ले.

संध्याकाळी चुलते दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत. पीटीला बाहेर बोलावलं, पण आवाज असा लावला की आम्हाला ऐकू यावं.

‘‘त्या सराला म्हनावं, थोडे दिवस गावाकडं जाऊन या. पोरं तापलेत. माझ्या घराला कशाला जोखीम?’’

पीटी खाली मान घालून म्हणाला, ‘‘ते माझ्यासंगं राहतेत, काका. ते गेले तर मी पन जातो.’’

चुलते वळून निघून गेले. मी तेव्हा पीटीला मिठी मारायचाच काय तो बाकी होतो. इतिहास आतून म्हणाला, ‘‘रजा शिल्लक हाय माझी. पण मी आजारी कुठंय?’’

त्यानंतर गिरणीवाल्यानं बौद्धवाड्यातलं दळण घेणं थांबवलं. तिथल्या मजुरांना शेतावर बोलावणं बंद झालं. आमच्या घरचं दूधही बंद झालं. एका सकाळी ती पाटी वाकवून नाल्यात फेकलेली सापडली. पोरांनी ती सरळ करून पुन्हा लावली.

झालं त्या दिवशी मी गावात नव्हतो. दहावीच्या प्रॅक्टिकलचं सामान आणायला सेलूला गेलो होतो. जे सांगतो ते गणितानं मुलांकडून ऐकून आणि नंतर स्वतः इतिहासानं सांगितलेलं. दुपारी हापशावर बाचाबाची झाली. वस्तीतल्या एका बाईची घागर लाथाडली, तिच्या दिरानं लाथाडणाऱ्याची गचांडी धरली. थोड्या वेळात काठ्या आणि दगड घेऊन पोरं वस्तीकडं निघाली. इतिहास तेव्हा वस्तीतल्या समाजमंदिरात दहावीच्या पोरा-पोरींचा जादा तास घेत होता. आरडाओरडा ऐकून त्यानं मुलांना आत कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि दारात उभा राहिला. मुलं आत होती म्हणून. याखेरीज दुसरं काही कारण त्यानं पुढंही कधी सांगितलं नाही.

आधी तो बोलत होता. पोरांतली निम्मी त्याच्याच हाताखाली शिकलेली. ‘‘ऐका, लेकरं हायत आत,’’ असं तो म्हणत असताना दगड आला. तो खाली बसला. मग काठ्या पडल्या.

पीटी मैदानावरून धावत आला. आल्या आल्या त्यानं आपल्या सख्ख्या चुलतभावाच्या थोबाडीत मारली, त्याच्या हातातली काठी ओढून घेतली आणि ती फिरवत, शिव्या देत सगळ्यांना मागं रेटलं. पोरं पांगली. पीटीनं चुलत्याच्या गोठ्यातला ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत कडबा टाकला, त्यावर इतिहासाला निजवलं आणि सेलूच्या रस्त्याला लावला. गणित त्याचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसला होता. मी सेलूच्या स्टँडवर गाडीची वाट बघत असताना मला तो ट्रॅक्टर दिसला. पीटीचा सदरा छातीपासून खालपर्यंत रक्तानं भरलेला. सामानाची पेटी मी तिथंच चहावाल्याकडं ठेवली आणि ट्रॉलीत चढलो. सेलूच्या दवाखान्यात टाके घातले आणि परभणीला न्या म्हणून सांगितलं. परभणीला डॉक्टरांनी डोळा बघितला आणि आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की हा डोळा गेला.

आम्ही आळीपाळीनं दवाखान्यात थांबलो. इतिहासाची आई गावाकडून आली. मोठ्यानं न रडणारी बाई. खाटेच्या पायथ्याशी बसून लेकाचे तळपाय चोळायची. पीटी रोज सकाळी एसटीनं डबा घेऊन यायचा. चुलतीनं करून दिलेला नव्हे. तो स्वतः स्टोव्हवर भाकरी थापायचा, जाड, कडेला करपलेल्या.

थोडं बोलता यायला लागलं तसं इतिहासानं गणिताला विचारलं, ‘‘त्या बुरुजाचं काय झालं? लावला का निकाल?’’

मला ते विचित्र वाटलं. पण गणितानं खरंच पुस्तक वाचलं होतं.

‘‘लावलाय,’’ तो म्हणाला. ‘‘पुस्तकात दोन तऱ्हेची कसबं हायत. एकात ‘इच्छा असेल तर’ हे शब्द असतात, दुसऱ्यात नसतात. तू दर पाळीला ठरवतोस, कुणाला पाठीशी घ्यायचं. विज्ञान दर पाळीला ठरवतो, हात लावायचा की न्हाई. तलवारबाजाला ठरवायचं कायच न्हाई. मग असा पेच पडला की ज्याला निवड हाय त्यालाच थांबावं लागतं. नियम तसाच हाय.’’

इतिहासानं उशीवरची मान गणिताकडं वळवली.

‘‘म्हणजे ढाल मीच ठेवायची. नाहीतर ह्यानं हात काढायचा.’’

‘‘हो.’’

‘‘आन् वेडाला कायच विचारायचं न्हाई.’’

‘‘विचारून उपयोग न्हाई ना. त्याच्या कागदावर ते शब्दच न्हाईत.’’

‘‘ते शब्द लिहिले कुणी? आपणच ना, चटईवर बसून? मग त्याच्या कागदावर लिहायचे राहिलेच कसे?’’ त्याचा आवाज वाढला तशी आई उठून उभी राहिली. तो खालच्या आवाजात म्हणाला, ‘‘मला हा नियम मान्य न्हाई. तू सूत्रधार हायस, तुझा निकाल तू दे. मला मान्य न्हाई एवढं लिहून ठेव.’’

पीटी तेवढ्यात डबा घेऊन आला होता. त्यानं किती ऐकलं कोण जाणे. म्हणाला, ‘‘मी माझा कागदच फाडतो. मग झालं?’’

गणित खेळात इतका शिरलेला की त्याला कुणाच्या चेहऱ्याचं भान राहायचं नाही. तो म्हणाला, ‘‘कागद फाडून पात्र मरत न्हाई. खेळाडू उठून गेला तर त्याचं पात्र सूत्रधार चालवतो. तलवार चालूच राहती.’’

पीटीनं डबा खिडकीत ठेवला. इतिहासाच्या आईनं डबा उघडून भाकरी दुधात कुस्करायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जमादार जबाब घ्यायला आले. इतिहासानं जे दिसले त्यांची नावं सांगितली, हळूहळू, बापाच्या नावासकट. चुलतभावाचं नाव त्यात होतं. जमादारांनी सगळं लिहून घेतलं आणि खाटेशी उभ्या पीटीकडं वळले.

‘‘सर, सोडवायला तुमीच गेले होते म्हनं. कोन कोन होतं?’’

पीटीनं खाटेची लोखंडी दांडी धरली होती. ‘‘मी पोचलो तवा सगळे पांगले होते,’’ तो म्हणाला. ‘‘धुरळा लय होता. कोन होतं ते दिसलं न्हाई.’’

‘‘एक पन न्हाई?’’

‘‘न्हाई.’’

जमादारांनी तेही लिहून घेतलं आणि पीटीची सही घेतली. गणित त्या वेळी शाळेतून बाहेर पडताना दगड लागलेल्या दोन मुलांना घेऊन बसला होता; त्याला फक्त रक्त आणि ट्रॅक्टर दिसला होता. मी सेलूला. समाजमंदिरातल्या मुलांनी फटीतून बघितलं होतं, पण त्यांचे आईबाप पुन्हा त्याच शेतांवर कामाला जाणार होते. त्यांनी लेकरांना मामाकडं, मावशीकडं पाठवून दिलं होतं.

जमादार गेल्यावर इतिहासानं पीटीला एकच विचारलं.

‘‘ट्रॅक्टर काकांनी काढू दिला होता, का तू तसाच आणलास?’’

‘‘तसाच आणला.’’

‘‘मग आता घरी जा. बोलतील तुला.’’

मी पीटीच्या मागोमाग व्हरांड्यात गेलो. ‘‘ज्याच्या थोबाडीत मारलीस तो तुला दिसला न्हाई?’’

तो भिंतीला टेकला. ‘‘माझा बाप मेला तवा मला त्याच्याच ताटात वाढलं चुलतीनं. एका ताटात जेवलो आमी. मी त्याला मारीन, रोज मारीन. पर त्याला आत घालवू कसा?’’

‘‘आणि इतिहासाचा डोळा?’’

‘‘माझा काढून देतो,’’ तो म्हणाला. ते बोलताना तो रडत होता आणि मला माहीत होतं की तो खरंच बोलतोय. तरी मी त्याला सोडून आत आलो. त्यानंतर तो दवाखान्यात आला नाही.

खटला उभा राहिला तो नुसत्या एका जबाबावर, आणि तसाच बसला. इतिहासाला परभणीजवळच्या शाळेत बदली मिळाली. चुलत्यांनी आम्हाला घर सोडा म्हणून कधी सांगितलं नाही, पण पीटी त्यांच्याकडं राहायला गेला आणि त्या घरात मग आम्हा दोघांना राहवेना. आम्ही वालूरला खोली घेतली. गणितानं फासे आणि पुस्तक ट्रंकेत घातलं. पुढं त्याची बदली झाली, ट्रंक त्याच्याबरोबर गेली. वर्षभरानं पीटीनं नोकरी सोडून दिली. का सोडली ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. शेती करायला लागला, चुलत्याच्याच.

परभणीला गेलो की मी इतिहासाकडं जायचो. त्यानं काचेचा डोळा बसवला नाही, काळा चष्मा घातला. शिकवत राहिला. नव्या शाळेतली पोरं त्याला घाबरायची आणि जीवही लावायची. एकदा त्याच्या घरी मीठ टाकलेला चहा घेत असताना मी धीर करून पीटीचा विषय काढला.

‘‘त्यानं मला त्या ट्रॉलीत घातलं नसतं तर मी तिथंच संपलो असतो,’’ इतिहास म्हणाला. ‘‘आन् तो ते चार शब्द बोलला असता तर ज्यांनी मारलं ते आज आत असते. दोन्ही खरं हाय. दोन्ही एकदम धरायला गेलो की डोकं फुटायला होतं, म्हणून मी आळीपाळीनं धरतो. आज कुठला दिवस हाय ते मलाच ठाऊक नसतं.’’

‘‘भेटायचंय का त्याला?’’

‘‘न्हाई,’’ तो म्हणाला आणि कप विसळायला उठला. उठताना त्याचा हात दाराच्या चौकटीवर आपटला. त्या बाजूला त्याला अजून अंदाजानंच चालावं लागायचं.

पीटी मला एकदाच दिसला, सेलूच्या कापूस बाजारात, हंगामात. बैलगाड्यांची रांग लागली होती आणि तो आपल्या गाडीच्या जुवाला टेकून उभा होता. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र तशीच ताठ, मैदानावरची. मला बघून तो हसला नाही, पण तिथून हललाही नाही. मी जवळ गेलो. घरचं, पाऊसपाण्याचं बोललो. मग त्यानं विचारलं.

‘‘सराचं कसं हाय?’’

मी सांगितलं की दुसऱ्या डोळ्यानंही आता कमी दिसायला लागलंय, डॉक्टर म्हणतात ताण पडतोय, वही तपासताना नाकाशी धरावी लागते.

पीटीनं मान हलवली. रांग पुढं सरकली तसं त्यानं बैलांना हाक घातली आणि गाडी वजनकाट्यावर घेतली.